तुम्ही विचारलंत म्हणून: राणीच्या दरबारातल्या बायका दिवसभर करायच्या काय?

फ्रेंच शिकवायला लागल्यापासून हा प्रश्न मला कुणी ना कुणी विचारतंच. व्हर्सायच्या राजवाड्याचे फोटो बघून झाले, फ्रान्सची राणी मारी आंत्वानेत हिचे ते उंच बांधलेले केस बघून झाले की एखादी विद्यार्थिनी म्हणते, "मॅडम, दासी तर ढिगानं असतील. मग या सरदारघराण्यातल्या बायका तिथे करायच्या काय? नुसत्या नटून उभ्या राहायच्या?"

उभ्या राहायच्या, हे खरंच आहे. राणीसमोर बसायचा मान डचेसचा, म्हणजे ड्यूकच्या बायकोचा, तोही पाठ नसलेल्या स्टुलावर. बाकीच्यांनी उभंच राहायचं. पण या उभं राहण्यामागे पदांची अख्खी उतरंड होती. सगळ्यांच्या वर राणीच्या परिवाराची मुख्य अधिकारी, १७७५ पासून लांबालची राजकन्या. एकीकडे राणीच्या कपड्यांचं खातं. कापडाचे तुकडे चिकटवलेली वही सकाळी राणीपुढे यायची आणि त्या दिवसाचे कपडे ती टाचणी टोचून निवडायची. १७८२ची अशी एक वही फ्रान्सच्या राष्ट्रीय अभिलेखागारात जपलेली आहे. शिवाय पाळीपाळीनं हजर राहणाऱ्या मानकरणी. राणीच्या हातात आतला झगा कुणी द्यायचा हेसुद्धा ठरलेलं. जास्त मानाची बाई खोलीत आली की झगा तिच्या हातात जायचा, आणि तोवर राणी थंडीत उघडी ताटकळत. मानपान म्हणजे काय हे आपल्या लग्नघरात वाढलेल्या माणसाला वेगळं सांगायला नको.

मी मात्र या प्रश्नाचं उत्तर द्यायला नेहमी एकाच बाईला पुढे करते. आंरिएत-ल्युसी दिलों, लग्नानंतरची मादाम द ला तूर द्यू पॅं. जन्म १७७०चा, पॅरिसचा. आई मारी आंत्वानेतच्याच सेवेत होती आणि ल्युसी बारा वर्षांची असताना वारली. १७८७ मध्ये ल्युसीचं लग्न झालं आणि लगेच तिला दरबारात रीतसर सादर केलं गेलं. त्याची तालीम तिनं आठवणींत लिहून ठेवली आहे, आणि ती मी वर्गात दर वेळी वाचून दाखवते. तिचे नृत्यशिक्षक श्रीयुत ह्यूआर, चांगले गलेलठ्ठ, केसांवर पांढरी पावडर, स्वतः फुगीर घागरा घालून दिवाणखान्याच्या टोकाला उभे, कारण ते राणी झालेले. ल्युसीनं मुजरे करत पुढे यायचं, हातमोजा काढायचा, राणीच्या झग्याचं टोक चुंबायला वाकायचं. मग राणी तिला थांबवण्यासाठी हात कसा करील, तेही गुरुजी करून दाखवत. मग उलट्या पावली परत जायचं, मागे लोळणारा झग्याचा घोळ पायात न येऊ देता. प्रत्यक्ष त्या दिवशी गळ्यात मोठ्या हिऱ्यांचे सात-आठ सर, तेही राणीनंच वापरायला दिलेले.

चालायचीही एक रीत होती. रविवारी राणीमागून चॅपेलकडे जाताना पाय उचलायचाच नाही. गुळगुळीत लाकडी जमिनीवर तो घसरवत न्यायचा, म्हणजे पुढच्या बाईच्या घोळावर पडणार नाही. हर्क्युलीसचा दिवाणखाना ओलांडला की स्वतःचा घोळ उचलून बाजूला टाकायचा आणि चॅपेलमध्ये जागा धरायला धावायचं. मेजवानीचंही तसंच. राजा पोटभर जेवायचा, राणी हातमोजे काढायची नाही, नॅपकिन उलगडायची नाही, आणि समोर बायका बघत बसलेल्या नाहीतर उभ्या. हे वाचलं की मला त्या सगळ्यांच्या पाठीची काळजी वाटते.

म्हणजे काम होतं, मेहनतीचं होतं. पण त्या कामातून तयार काय व्हायचं? कोण कुणाच्या वर, एवढंच रोज नव्याने सिद्ध व्हायचं. माझं हे मत कडक आहे, पण ल्युसी वाचूनच झालेलं आहे.

कारण पुढे काय झालं बघा. फ्रेंच राज्यक्रांती झाली. ६ ऑक्टोबर १७८९ला जमाव राजाराणीला पॅरिसला घेऊन गेला. मागे उरलेल्या वाड्यात दारंखिडक्या बंद होत असल्याचा तेवढा आवाज येत होता, असं ती लिहिते. सासरे युद्धमंत्री राहिलेले. राणीच्या खटल्यात त्यांना साक्षीला उभं केलं, तेव्हा तिथेही त्यांनी तिला आदरानं वाकून अभिवादन केलं. १७९४च्या एप्रिलमध्ये त्यांचा शिरच्छेद झाला. त्याच महिन्यात ल्युसीच्या वडिलांचाही. ती तेव्हा नवरा आणि दोन मुलांसह बोर्दोहून निसटून बॉस्टनच्या वाटेवर होती. जहाजावर तिनं स्वतःचे लांब केस कात्रीनं कापून समुद्रात टाकले.

अमेरिकेत, न्यूयॉर्क राज्यातल्या अल्बनीजवळ त्यांनी शेत घेतलं. ती गाई पाळायची, लोणी काढायची, घराण्याच्या अक्षरांचा ठसा उमटवून स्वच्छ फडक्यावर मांडायची. त्या लोण्याला मागणी होती. एकदा ती अंगणात कुऱ्हाडीनं मेंढीची तंगडी तोडत असताना मागून तालेरां, फ्रान्सचा प्रसिद्ध मुत्सद्दी, आला आणि तिच्या राजेशाही थाटाची तारीफ करू लागला. लोकांना हा किस्सा फार आवडतो. दरबारी वळण कसं शेतातही टिकलं बघा, म्हणतात. मला हे पटत नाही. लोणी, इस्त्री, स्वयंपाक ती व्हर्सायमध्ये शिकली नव्हती. मोठ्या घरात एकटी पडलेली ही मुलगी लहानपणी नोकरांमध्ये रमायची. मार्गरीत नावाच्या दाईनं तिला जीव लावला होता, आणि मार्गरीतला अक्षरओळखही नव्हती. पुढे उपयोगी पडलं ते तिथे शिकलेलं.

त्या शेतावर तिनं गुलामही विकत घेतले होते. १७९६ मध्ये फ्रान्सला परतताना त्यांना मुक्त केलं, पण घेतले होते. वर्गात हा भाग मी गाळत नाही.

नंतर नेपोलियनच्या काळात नवरा ब्रसेल्सचा प्रीफेक्ट, म्हणजे जिल्ह्याचा मुख्य अधिकारी झाला, पुढे राजदूत. मोठा मुलगा द्वंद्वयुद्धात गेला. १ जानेवारी १८२०ला, पन्नाशीच्या उंबरठ्यावर, ती लिहायला बसली. १८५३ मध्ये पिझाला वारली तेव्हा तिच्या मुलांपैकी एकच हयात होता. आठवणी छापून आल्या त्यानंतर पन्नासेक वर्षांनी.

तेव्हा वाचणार असाल तर माझं ऐका, आधी अमेरिकेची प्रकरणं वाचा, व्हर्सायची मागाहून. झग्यांची वर्णनं मग वेगळीच कळतात.