पहिलं घड्याळ स्वतः खोलून जोडताना: माझा अनुभव

पहिल्या दुरुस्तीसाठी बंद पडलेलं घड्याळ घेऊ नका. बंद घड्याळ खोललं, पुसलं, जोडलं आणि तरी ते चाललं नाही, तर दोष आधीपासूनचा होता की आपल्या हातून झाला, हे ठरवता येत नाही. चालतं घड्याळ खोलून पुन्हा चालवायचं असेल तर प्रत्येक चुकीचा माग काढता येतो. म्हणून मी सुरुवात केली ती चांगलं चालणाऱ्या, हाताने चावी द्यायच्या युनिटास 6497 या मशीनपासून (मशीन म्हणजे घड्याळाच्या आतली सगळी यंत्रणा). हे मूळचं खिशातल्या घड्याळाचं मशीन: व्यास 36.6 मिमी, जाडी 4.5 मिमी, तासाला 18,000 ठोके. त्यात तारीख नाही, ऑटोमॅटिकचा रोटर (मनगटाच्या हालचालीने चावी देणारं वजन) नाही आणि चाकं नुसत्या डोळ्यांनीही वेगवेगळी ओळखू येतात. याच रचनेच्या नक्कल मशीनवर सराव केला तरी चालतं. त्यांतली बरीच 21,600 ठोक्यांची असतात, तेवढं मोजमाप करताना लक्षात ठेवायचं.

दुसरं ठरवलं ते असं: पहिल्या फेरीत तेल नाही आणि धुणंही नाही. नुसतं खोलायचं, जोडायचं, चालवून बघायचं. हे दोनदा नीट जमलं की तिसऱ्या फेरीत साफसफाई आणि तेल. तिन्ही कामं एकदम केली आणि घड्याळ अडलं, तर संशय दहा ठिकाणी घ्यावा लागतो.

अवजारांत सगळ्यात महत्त्वाचे स्क्रूड्रायव्हर. 0.8, 1.0, 1.2 आणि 1.6 मिमी एवढ्या पात्यांवर पूर्ण मशीन खोलता येतं. पातं खाचेइतकंच रुंद हवं. अरुंद असेल तर ते खाचेच्या कडा खातं आणि रुंद असेल तर आजूबाजूचा ब्रिज (चाकांना वरून धरणारी पट्टी) ओरबाडतं. नवीन पातीही बहुतेक वेळा टोकाला फार पातळ असतात. तेलाच्या दगडावर घासून टोक सपाट केलं की पातं खाचेच्या तळापर्यंत न जाता दोन्ही भिंतींना घट्ट धरतं आणि निसटत नाही. यात अर्धा तास गेला तरी जाऊ द्यावा. याशिवाय टोकं तंतोतंत जुळणारा एक चिमटा, हेअरस्प्रिंगसाठी (झोके घेणाऱ्या बॅलन्स या चाकाची केसासारखी बारीक स्प्रिंग) अगदी बारीक टोकाचा दुसरा, कामाला 3 ते 4 पटीचं आणि तपासणीला 10 पटीचं भिंग, मशीन धरायचा होल्डर, काटे काढायच्या दोन लिव्हर, पेगवूडच्या (साफसफाईच्या लाकडाच्या) काड्या, रबरी ब्लोअर, बोटांवर घालायच्या रबरी टोप्या आणि रोडिको, म्हणजे धूळ-तेल उचलणारा हिरवा मऊ गोळा. टेबल छातीच्या उंचीचं असावं. कोपर टेकलं की हात थरथरत नाही.

खोलण्याआधी टाइमग्राफरवर मोजून घेतलं. हे यंत्र टिकटिक ऐकून तीन गोष्टी सांगतं: दिवसाला किती सेकंद पुढे-मागे, बॅलन्सचा झोका किती अंशांचा, आणि डावा-उजवा ठोका किती मिलिसेकंदांनी असमान. त्यात लिफ्ट अँगल (एका ठोक्यात बॅलन्स ढकलला जात असताना जितका फिरतो तो कोन) भरावा लागतो. या मशीनसाठी तो 44 अंश. तो चुकला तर झोक्याचा आकडा खोटा येतो. पूर्ण चावी दिल्यावर तबकडी वर ठेवून 270 ते 300 अंश झोका म्हणजे तब्येत उत्तम. माझ्यासमोर 240 होते, म्हणजे मशीन चालतंय पण तेल सुकलंय. हे आकडे कागदावर लिहून ठेवणं अत्यावश्यक, कारण पुढे तुलना त्यांच्याशीच होते.

काटे काढताना तबकडीवर प्लॅस्टिकचा तुकडा अंथरायचा, दोन्ही लिव्हर समोरासमोर लावायच्या आणि दोन्हींवर सारखाच दाब द्यायचा. छोटा सेकंदकाटा चौथ्या चाकाच्या लांब पिव्हटवर (आसाच्या बारीक टोकावर) बसलेला असतो. तो एका बाजूने उचकटला तर पिव्हट वाकतो आणि मग ते चाकच बदलावं लागतं. तबकडीच्या पायांचे स्क्रू पूर्ण काढायची गरज नसते, थोडे सैल केले की ती सुटते. तबकडीला बोट लावायचं नाही, कोणतंही द्रव लावायचं नाही.

यानंतर चावी उतरवायची. ही पायरी वगळून बॅलन्स आणि पॅलेट फोर्क (चाकांना ठोक्यागणिक अडवणारा-सोडणारा काटेरी तुकडा) काढला, तर मेनस्प्रिंगचा (चावीने गुंडाळली जाणारी मुख्य स्प्रिंग) सगळा जोर चाकांतून एका झटक्यात सुटतो आणि दात किंवा पिव्हट तुटू शकतो. चावीचं बोंड बोटांत घट्ट धरलं, किंचित चावी दिल्यासारखं फिरवलं, पेगवूडने क्लिक (चावी उलटी फिरू न देणारा खटका) मागे धरली आणि बोंड बोटांतून हळूहळू उलटं सरकू दिलं. जोर संपल्याचं बोटांना कळतं. स्टेम (बोंडाचा दांडा) काढायची असेल तर तिला धरून ठेवणाऱ्या सेटिंग लिव्हरचा स्क्रू एक-दीड आटाच सैल करायचा. जास्त फिरवला तर लिव्हर तबकडीच्या बाजूला निसटते आणि ती बाजू विनाकारण खोलावी लागते.

बॅलन्स काढताना कॉकचा (बॅलन्सला वरून धरणारा ब्रिज) स्क्रू काढून कॉक खाचेतून जरासा उचकटला. कॉक उचलल्यावर बॅलन्स हेअरस्प्रिंगला लटकतो. चाक पॅलेट फोर्कमध्ये अडकल्यासारखं वाटलं तर ओढायचं नाही, कॉक किंचित फिरवून मोकळं करायचं. हेअरस्प्रिंग ताणली गेली की तिची वेटोळी एका पातळीत राहत नाहीत, आणि ती सरळ करणं हे नवशिक्याचं काम नव्हे. पॅलेट ब्रिज आणि फोर्क निघाल्यावर मी बॅलन्स परत त्याच्या जागी स्क्रूने बसवून ठेवला. बाकीचं काम चालू असताना त्याच्यासाठी याहून सुरक्षित जागा नाही.

क्राउन व्हीलचा (चावीचा फेरा पुढे नेणारं चाक) स्क्रू अनेक मशीनमध्ये उलट्या आट्यांचा असतो. काही ठिकाणी त्याच्या डोक्यावर एकाऐवजी तीन खाचा असतात, ती त्याचीच खूण. नेहमीप्रमाणे सैल करायला गेलात तर तो आणखी आवळला जाऊन डोकं तुटतं. बाकी स्क्रू काढताना प्रत्येक ब्रिजचे त्याच्याच शेजारी, कप्प्यांच्या डबीत ठेवायचे आणि दर पायरीचा फोटो घ्यायचा. स्क्रूंची लांबी वेगवेगळी असते. लांब स्क्रू चुकीच्या भोकात गेला तर खालच्या चाकाला टेकतो आणि घड्याळ कारण न कळता अडतं.

तबकडीच्या बाजूला चावीची यंत्रणा असते. तिथली योकची (स्टेमवरचं छोटं चाक सरकवणारा तुकडा) स्प्रिंग चिमट्यातून सुटली की थेट खोलीच्या कोपऱ्यात. तिच्यावर पेगवूडचं टोक ठेवूनच स्क्रू सोडायचा. मशीन पारदर्शक प्लॅस्टिकच्या पिशवीत धरून हे केलं तर आणखी चांगलं. भाग पडलाच तर खोलीत अंधार करून टॉर्च जमिनीला आडवा धरायचा, भागाची लांब सावली पडते. जोडताना वाइंडिंग पिनियन आणि स्लायडिंग पिनियन या स्टेमवरच्या दोन छोट्या चाकांचे तिरके दात समोरासमोर यायला हवेत, नाहीतर चावी बसत नाही.

आता सगळ्यात अवघड जागा. चाकं पायाच्या प्लेटवर उभी केली की त्यांचे वरचे पिव्हट एकाच ब्रिजच्या माणकांच्या भोकांत एकाच वेळी जायला हवेत. बॅलन्सचा पिव्हट तर सुमारे 0.1 मिमी जाडीचा असतो, गाडीतले (एकमेकांत अडकलेल्या चाकांची रांग म्हणजे गाडी) पिव्हट त्याहून थोडे जाड, पण चूक सहन करतील इतके नाहीत. ब्रिज अलगद ठेवला, त्यावर पेगवूडचा नुसता स्पर्शाइतका भार दिला आणि बारीक चिमट्याने एकेक चाक ढकलत राहिलो. भिंगातून बघितलं तर भोकाच्या मधोमध पिव्हटचं चकचकीत टोक उगवलेलं दिसतं. ते दिसेपर्यंत स्क्रू लावायचा नाही. सगळे बसले की ब्रिज आपोआप खाली बसतो आणि त्याची कड प्लेटला चिकटते. कडेला केसाइतकी फट असेल तर एखादा पिव्हट बाहेरच आहे. अशा वेळी स्क्रू आवळला की तो पिव्हट मोडतो किंवा माणकाला तडा जातो. स्क्रू पाव-पाव फेरा आळीपाळीने आवळत, दर वेळी चाकं फिरतात का ते बघत गेलो. प्रत्येक चाक चिमट्याने वर उचलून पाहिलं. त्याला वर-खाली थोडी मोकळीक असलीच पाहिजे. मग बॅरल (मेनस्प्रिंगची डबी) धरणारा ब्रिज, रॅचेट (बॅरलवरचं चावीने फिरणारं चाक) आणि स्टेम लावून चावीचा एकच ठोका दिला. पॅलेट फोर्क नसताना एस्केप व्हील (गाडीतलं शेवटचं चाक) भिरभिरतं, मंदावतं आणि थांबता थांबता थोडं उलटं फिरतं. हे उलटं फिरणं दिसलं की गाडी खरोखर मोकळी आहे. ते जिथल्या तिथे अडून थांबलं तर परत खोलायचं. माझी पहिली जोडणी या तपासणीत नापास झाली. कारण होतं एका दातात अडकलेला कपड्याचा धागा.

पॅलेट फोर्क बसवून थोडी चावी दिली की फोर्क हलक्या धक्क्याने एका बाजूकडून दुसरीकडे टपकन जातो. तसं झालं तरच बॅलन्स लावायचा. खाली ठेवताना बॅलन्सच्या रोलरवरचा (आसावरची छोटी चकती) माणिक फोर्कच्या खाचेत जायला हवा. तो बाहेर राहिला तर बॅलन्स जरा हलून अडकतो. कॉक जागेवर बसला, स्क्रू अजून लावलेला नाही, अशा अवस्थेत ब्लोअरने हलकी हवा मारली. बॅलन्स डोलायला लागला, हेअरस्प्रिंग श्वास घेतल्यासारखी सारखी उघडमीट करू लागली, आणि मगच स्क्रू आवळला, तोही बॅलन्स डोलत असताना. आवळताना डोलणं थांबलं तर लगेच सोडायचं.

तिसऱ्या फेरीत धुणं. काचेच्या छोट्या बरण्यांत आधी नॅफ्था, मग 99 टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल. पण पॅलेट फोर्क आणि बॅलन्स अल्कोहोलमध्ये घालायचे नाहीत. पॅलेटचे माणिक आणि रोलरचा माणिक लाखेने चिकटवलेले असतात आणि लाख अल्कोहोलमध्ये विरघळते. त्यांना नॅफ्थाच पुरे. दोन्ही द्रव चटकन पेट घेतात, त्यामुळे खिडकी उघडी आणि जवळपास ज्योत नको. धुण्यापेक्षाही फरक पडतो तो पेगवूडने. काडी टोकदार तासून माणकाच्या प्रत्येक भोकात फिरवायची, टोक काळं निघालं तर परत तासायचं, स्वच्छ निघेपर्यंत.

मेनस्प्रिंग हाताने बॅरलमध्ये गुंडाळू नये. ती शंकूसारखी तिरपी होते, झाकणाला घासते आणि झोका कायमचा कमी राहतो. मी गोल कड्यात गुंडाळून येणारी नवी स्प्रिंग थेट बॅरलमध्ये ढकलली.

तेल मोबियसचं वापरलं. एस्केप व्हील, चौथं चाक आणि बॅलन्सला 9010, बॅरलचा आर्बर (मधला आस), मधलं चाक आणि कॅनन पिनियनला (मिनिटकाटा बसतो ती नळी) जाडसर एचपी 1300, पॅलेटच्या माणकांच्या टोकांना 9415, मेनस्प्रिंगला 8200. पॅलेट फोर्कच्या पिव्हटना तेल अजिबात नाही, तिथे तेलाचा चिकटपणाच झोका खातो. माणकाभोवतीची वाटी निम्म्याहून थोडी जास्त भरली की पुरे. जास्त झालेलं तेल पिव्हटपाशी टिकत नाही. ते पृष्ठभागावर पसरत जातं, वाटी कोरडी पडते आणि एस्केपमेंट (एस्केप व्हील आणि पॅलेट फोर्कची जोडी) किंवा हेअरस्प्रिंगपर्यंत पोचलं तर वेटोळी एकमेकांना चिकटून घड्याळ सुसाट पुढे जातं. तसंच लक्षण चुंबकत्वाचंही असतं, म्हणून तेलाला दोष देण्याआधी डिमॅग्नेटायझर फिरवून बघायचा. इन्काब्लॉकच्या (बॅलन्सला धक्क्यापासून वाचवणारी बैठक) टोपीच्या माणकावर थेंब त्याच्या व्यासाच्या निम्म्या ते दोन-तृतीयांश एवढा, बरोबर मध्यावर.

काटे बसवताना सगळे 12 वर. मग पूर्ण 12 तास फिरवून दर तासाला काटे एकमेकांना, तबकडीला आणि काचेला लागत नाहीत ना हे आडव्या नजरेने बघितलं. टिकटिक चालू असून काटे जागेवरच राहत असतील तर कॅनन पिनियनची पकड सैल आहे, मशीनमध्ये दोष नाही.

शेवटी झोका 282 अंशांवर आला. उभ्या स्थितीत तो 30 ते 40 अंशांनी कमी दिसणं स्वाभाविक आहे. ठोक्यांची असमानता 0.6 मिलिसेकंदांच्या आत असेल तर हात लावू नये. वेग जुळवताना रेग्युलेटर (वेग कमी-जास्त करायची छोटी दांडी) केसभरच सरकवायचा आणि लगेचचे आकडे न धरता दोन-चार मिनिटांनी वाचायचं. मागच्या झाकणाची रबरी रिंग नवी घातली, तिला सिलिकॉन ग्रीस लावलं. तरीही दाबाची चाचणी झालेली नसल्यामुळे हे घड्याळ पाण्यापासून लांबच ठेवलं आहे.