मुलूच्या खोलीपासून मुंबईपर्यंत

क्वालालंपूरची तिकिटं सेलमध्ये दिसली आणि रात्री साडेअकराला मी ती घेऊन टाकली. तारखा न बदलणारी, पैसे परत न मिळणारी. दुसऱ्या दिवशी निवांत चहा घेत, जिथे खरं जायचं होतं त्या मुलूच्या जंगलातल्या खोल्या बघायला बसलो, तर आमच्या चारपैकी दोन रात्री सगळं फुल्ल.

गुनुंग मुलू हे राष्ट्रीय उद्यान बोर्निओ बेटावर, मलेशियाच्या सारावाक राज्यात आहे. चुनखडीच्या अजस्र गुहा, भोवती वर्षावन. २००० साली जागतिक वारसा यादीत आलं. तिथवर गाडीरस्ता जात नाही. मिरी शहरातून छोटं एटीआर विमान अर्ध्या तासात नेऊन सोडतं, आणि उद्यानाच्या आवारातल्या खोल्या मोजक्याच. म्हणजे गाडी अडते ती जंगलाच्या टोकाला आणि मी सुरुवात केली होती मुंबईच्या टोकाकडून. आधी खोली, मग गुहांचे गाइड, मग मिरी-मुलू विमान, त्यानंतर क्वालालंपूर-मिरी आणि मुंबईचं तिकीट सगळ्यात शेवटी, हा क्रम मी पहिल्या तिकिटाचे पैसे बुडवून शिकलो. बायको अजून अधूनमधून तो आकडा ऐकवते.

गाइडचं आधी का, तर तिथे गुहेत आपलं आपण शिरता येत नाही. मी उद्यानाला ईमेल करून सरळ विचारलं, आई सदुसष्ट वर्षांची आहे, गुडघा कुरकुरतो, काय जमेल? उत्तर आलं आणि आमचा अर्धा कार्यक्रम त्यानेच ठरवला. डियर केव्हपर्यंत सुमारे तीन किलोमीटर लाकडी पायवाट, जवळजवळ सपाट. क्लिअरवॉटर केव्हला होडीतून जायचं, पण वर सुमारे २०० पायऱ्या. आई म्हणाली, ‘‘होडीत येते. पायऱ्या तुम्ही चढा, मी खाली नदीत पाय सोडून बसते.’’ पिनॅकल्सच्या सुळक्यांचा तीन दिवसांचा ट्रेक मी मुकाट्याने यादीतून काढला. (माझाही गुडघा काही फार निराळा नाही.)

व्हिसाचं सोपं निघालं. १ डिसेंबर २०२३ पासून भारतीय पर्यटकांना ३० दिवसांपर्यंत व्हिसा लागत नाही. पोचण्याच्या आधीच्या तीन दिवसांत ऑनलाइन आगमन-कार्ड भरलं की झालं. गोंधळ झाला तो मिरीला. देशांतर्गत विमानातून उतरलो तरी पुन्हा पासपोर्टची रांग! आईने विचारलं, ‘‘अरे, हा आणखी वेगळा देश का?’’ देश तोच, पण १९६३ साली मलेशियात येताना सारावाकने प्रवेशावरचा अधिकार स्वतःकडे ठेवला. म्हणून पासपोर्ट तळाशी कोंबू नका, आणि मधे वेळ सोडा.

छोट्या विमानात वजनाची चैन चालत नाही, म्हणून एक बॅग मिरीच्या हॉटेलातच ठेवली. रिंगिट, म्हणजे मलेशियाचे पैसेही तिथेच काढून घेतले. जळवांसाठी लांब मोजे घेतले होते. सह्याद्रीत पावसाळी भटकंती केलेल्याला त्या नव्या नाहीत, आणि लाकडी वाटेवर आम्हाला एकही भेटली नाही.

जेवणाचं मात्र आधी नीट विचारून घ्यायला हवं होतं. पहिल्या रात्री ‘मिदिन’ नावाची रानातल्या नेच्याची भाजी मागवली. हिरवीगार, कुरकुरीत दिसत होती. आईने घास नाकाजवळ नेला आणि ताट सरकवलं. ‘‘यात सुकट आहे.’’ बरोबर ओळखलं होतं. तिथे बऱ्याच भाज्यांत ‘बलाचान’ असतं, म्हणजे आंबवलेल्या कोळंबीचा गोळा. मग मी ‘बलाचान नको’ एवढं वाक्य पाठ केलं आणि तीच भाजी दुसऱ्या दिवशी नुसत्या लसणावर मिळाली. तोवर मेतकूट-भातावर भागलं.

मुक्काम किमान तीन रात्रींचा धरा. डियर केव्हमध्ये २५ ते ३५ लाख वटवाघळं असल्याचा अंदाज आहे. संध्याकाळी ती बाहेर पडतात ते बघायला लोक येतात, पण पाऊस असला की बहुतेक वेळा ती बाहेरच येत नाहीत, आणि इथे पाऊस बाराही महिने. पहिल्या संध्याकाळी पाचलाच धो धो सुरू झाला. ‘‘आज सुट्टी दिसते त्यांची,’’ आई म्हणाली, आणि आम्ही उजेडातच परतलो.

दुसऱ्या दिवशी आभाळ मोकळं होतं. सहाच्या सुमारास गुहेच्या तोंडातून धुराची रेघ निघाल्यासारखं काहीतरी वर आलं, वळलं, त्याचं कडं झालं आणि ते डोंगरावरून सरकत गेलं. मागोमाग दुसरं. ऐन वेळी एक ससाणा मधे घुसला, तशी रेघ झटक्यात वाकली. आई बाकावर मान मागे टाकून, ‘‘अजून येतायत रे, अजून,’’ एवढंच म्हणत होती. आम्ही अगदी शेवटपर्यंत बसलो. उठलो तेव्हा मिट्ट काळोख, पुढे तीन किलोमीटर लाकडी वाट, आणि तेव्हा आठवलं की दोन्ही टॉर्च मिरीच्या बॅगेत आहेत. आईने माझा मोबाइल घेतला आणि त्याच्या उजेडात पुढे चालू लागली.