त्या बाटलीवर साल छापलेलं असतं

आमच्या द्राक्षवेलीच्या डोळ्यांच्या (काडीवरच्या कळ्यांच्या) तपासणीचा रिपोर्ट काल आला. पश्चिमेकडच्या प्लॉटमध्ये घड कमी दाखवलेत. अंदाज होताच म्हणा. एप्रिलमध्ये खरड छाटणी (माल निघाल्यावरची उन्हाळी छाटणी) झाली, त्यानंतरचे दीड-दोन महिने वेलीला कडक ऊन पाहिजे असतं कारण पुढच्या हंगामाचा घड डोळ्यात तेव्हाच बनतो, आणि यंदा (२०२५) तर मे महिन्यातच पाऊस लागला, आभाळ सारखं भरलेलं, मग सप्टेंबरात मराठवाड्यात पुरानं काय केलं ते सगळ्यांनी बघितलंय. नदीकाठच्या लोकांची मातीच गेली, त्यांच्यापुढं आमचं दुखणं काहीच नाही, बाग उभी आहे. पण रिपोर्ट वाचून आप्पा म्हणले ते डोक्यातून जाईना. म्हणले, फेब्रुवारीत माल कमी निघाला की लोक म्हणणार औंदा यांना साधलं नाही, मे महिन्यातलं आभाळ तेव्हा कुणाच्या ध्यानात राहणार.

तेव्हापासून मला सोनोमाच आठवायलंय. लिहूनच काढतो.

परभणीला फूड टेक केलं आणि नंतर कॅलिफोर्नियात सोनोमा कोस्टला एका वायनरीत कामाला होतो, २०१७ आणि २०१८ चा सीझन. गावात काही जणांना अजून वाटतं पोरगा दारूच्या कारखान्यात होता. आप्पा माळकरी, वाईनचा थेंब त्यांनी घेतला नाही आणि घेणार पण नाहीत, तरी तिथल्या द्राक्षाबद्दल त्यांनी जितकं खोदून विचारलं तितकं दुसऱ्या कुणीच नाही. पहिला प्रश्न, एकरी किती निघतं? म्हणलं त्या समुद्राकडच्या डोंगरावर दोन-तीन टन. आप्पा जरा वेळ गप्पच झाले, कारण आमच्याकडं दहा-बारा टन निघालं नाही तर औषधाचा पण खर्च वसूल होत नाही.

तिथलं हवामान समजायला मला बराच वेळ लागला. समुद्र म्हणलं की आपल्या डोळ्यापुढं कोकण येतं, दमट, घामाच्या धारा. तिकडं पॅसिफिकचं पाणी भर जुलैत पण एवढं गार की पाय घालवत नाही. खोलातलं थंड पाणी किनाऱ्याशी वर येतं, त्याच्यावरची हवा गार होऊन धुकं धरतं, आणि आतला मुलूख दिवसा तापला की ते धुकं अन् वारा दोन्ही आत ओढले जातात. पेटालुमा गॅप म्हणून डोंगरांमधली एक मोकळी जागा आहे, दुपारी तिथून असा वारा येतो की वेलीची पानं रंध्रं मिटून घेतात आणि पिकणं लांबत जातं. सकाळी दहा-अकरापर्यंत धुकं, दुपारी पंचवीस-सव्वीस अंश, रात्री दहा-अकरा, उन्हाळाभर पाऊस जवळजवळ नाहीच. त्यातही गंमत म्हणजे फोर्ट रॉस-सीव्ह्यूकडचे मळे समुद्राला चिकटून, पण साधारण ९०० फुटांच्या वर, म्हणजे धुक्याच्या डोक्यावर, त्यामुळं तिथं उलट ऊन जास्त. एकाच तालुक्याएवढ्या भागात किती फरक!

आणि हा फरक सगळ्यात स्वच्छ दाखवते ती शार्डने, पांढऱ्या वाईनची द्राक्षाची जात. १९९९ मध्ये डीएनए तपासून कळलं की ही पिनो न्वार आणि गुए ब्लां या दोन जातींची संतती, त्यातली गुए ब्लां तर फ्रान्समध्ये हलकी म्हणून हिणवलेली जात. शार्डनेला मस्कत द्राक्षासारखा स्वतःचा घमघमाट नसतो, म्हणून ऊन, धुकं, माती, तळघरातलं काम, सगळं तिच्यात उतरतं. १९७६ मध्ये पॅरिसला फ्रेंच परीक्षकांनी नावं झाकून चव घेतली तेव्हा पांढऱ्या वाईनमध्ये पहिली आली ती शातो मॉन्टेलेनाची १९७३ ची शार्डने. वायनरी शेजारच्या नापा खोऱ्यातली, पण त्यातली बरीचशी द्राक्षं सोनोमातली, हे तिथला प्रत्येक जण अभिमानानं सांगतो. सांगताना १९७३ हे साल मात्र कुणीच गाळत नाही.

वेंटे नावाचा शार्डनेचा एक जुना क्लोन (एकाच वेलीपासून वाढवलेला वाण) आहे तिथं. फुलोऱ्यात गारठा असला की त्याच्या घडात मोठ्या मण्यांच्या मधे मधे ज्वारीच्या दाण्याएवढे बारके मणी राहतात. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा पोटात गोळाच आला, आमच्याकडं असा घड व्यापारी हातात पण धरणार नाही, आपण जीए (वाढीचं संप्रेरक) मारतो, थिनिंग म्हणजे विरळणी करतो, सगळा आटापिटा मणी एकसारखा यावा म्हणून. तिथले लोक मात्र खूश, कारण बारीक मण्यात पाणी कमी, साल जास्त, रस घट्ट.

शार्डने फुटते पण लवकर, मार्चमध्येच कोंब, आणि सखल मळ्यात तेव्हा रात्री पारा शून्याखाली जायची भीती. मग रात्रभर वेलींवर तुषार सिंचन चालू ठेवतात, पाणी गोठताना उष्णता सोडतं आणि बर्फाच्या आत कोंब शून्य अंशाला टिकून राहतो. मात्र पाणी मधेच बंद पडलं तर संपलंच. आप्पांना फोनवर सांगितलं तर त्यांनी लगेच विचारलं, एवढं पाणी कुठून आणतात? २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आलेलं ज्यांनी बघितलंय त्यांना हाच प्रश्न पडणार.

२०१७ ला १ सप्टेंबरला सॅन फ्रान्सिस्कोत १०६ फॅरनहाइट झालं, म्हणजे ४१ सेल्सिअस, तिथला विक्रम. जालन्याला मेमध्ये ४१ रोजचंच, पण आपल्या वेलीवर तेव्हा घड नसतो, तिकडं पिकत आलेला माल वेलीवर होता. उष्णतेत मण्यातलं मॅलिक अ‍ॅसिड जळून जातं (कच्च्या सफरचंदात असतं ते), टार्टारिक त्यामानानं टिकतं, साखर मात्र पळत सुटते. डोक्याला टॉर्च बांधून रात्रीची तोडणी चालली, माल गार असतानाच प्रेसमध्ये. त्या वर्षी काही टाक्यांत मॅलोलॅक्टिक होऊच दिलं नाही. एरवी त्या क्रियेत बॅक्टेरिया धारदार मॅलिकचं मऊ लॅक्टिक करतात, दह्यात असतं तेच, पण धारच कमी असलेल्या वर्षी आहे ती पण कशाला घालवायची. नवीन लाकडाची पिंपं पण कमी वापरली, कारण पिकलेल्या रसावर ओकच्या लाकडाचा वास चढला की वाईन जड होते. आणि ८ ऑक्टोबरच्या रात्री वणवे पेटले. शार्डने तोपर्यंत आत आलेली होती. बाहेर धूर, लोकांची घरं जळालेली, अन् आम्ही आत पिंपांची साखर मोजायलो, कारण आंबणं काही थांबत नव्हतं.

२०१८ पूर्ण वेगळं. लांब, थंड, सरळ वर्ष, माल पण भरपूर. रोज रिफ्रॅक्टोमीटर (रसातली साखर मोजायचं यंत्र) घेऊन जायचं आणि काचेत कालच्यापेक्षा जरासंच जास्त. सगळे थांबले. बावीस-तेवीस ब्रिक्सला (साखरेचं माप) पण आंबटपणा असा खणखणीत की मॅलोलॅक्टिक पूर्ण होऊ दिलं, हिवाळाभर २२८ लिटरच्या पिंपांत तळाचा यीस्टचा गाळ काठीनं हलवत राहिलो, त्यानं वाईनला एक भरीवपणा येतो. मळे तेच, काम करणारे हात पण बहुतेक तेच, आणि वर्षभरानं दोन ग्लास शेजारी ठेवले तर कुणी एक बाग म्हणणार नाही.

बाकीची वर्षं ऐकलेली. २०११ गारठ्याचं, ऑक्टोबरच्या सुरुवातीलाच पाऊस आणि घडात बोट्रायटिस बुरशीची सड. २०२० मध्ये ऑगस्टमध्ये कोरड्या विजा पडून वणवे लागले, धुरातली ग्वायकॉलसारखी द्रव्यं मण्याच्या सालीत साखरेला चिकटून बसतात आणि आंबताना सुटी होतात, मग वाईनला राखेची चव. पांढऱ्या वाईनला साल जास्त वेळ रसात ठेवत नाहीत म्हणून ती जरा वाचते, तरी कित्येकांनी त्या वर्षी माल तोडलाच नाही. आणि २०२३, हिवाळ्यात धो धो पाऊस, उन्हाळा थंड, तोडणी कित्येक आठवडे उशिरा. त्या वर्षीबद्दल तिथले मित्र अजून आनंदानं बोलतात.

मला यात एक गोष्ट फार मोठी वाटते. तिथं वर्षाला लपवत नाहीत. बाटलीवर साल छापतात, घेणारा विचारतो ते वर्ष कसं होतं, आणि शेतकरी सांगतो. फ्रान्समध्ये बोन गावच्या तोडणीच्या तारखा १३५४ पासूनच्या जुळवल्यात, त्यावरूनच शास्त्रज्ञ सांगू शकले की १९८८ पासून तोडणी आधीच्या सहाशे वर्षांपेक्षा सरासरी १३ दिवस लवकर यायली. शेतकऱ्याच्या तारखांवरून हवामान बदललेलं सिद्ध होतं! आणि आमच्याकडं? २०१४ ची फेब्रुवारी-मार्चची गारपीट, २०१६ चा टँकर, यंदाचं मे महिन्याचं आभाळ, हे सगळं भोगूनसुद्धा क्रेटमधल्या द्राक्षावर कुठलंच साल नाही. व्यापाऱ्याला दरवर्षी तोच आकार, तोच रंग, तीच साखर पाहिजे, वर्ष कसं का गेलं असेना. वाईट वर्ष असलं तर ते फक्त शेतकऱ्याच्या कर्जखात्यात दिसतं. हे मला मान्यच नाही. म्हणून मी रजिस्टर केलंय, प्लॉटवार, छाटणी कधी, फुटवा कधी, फुलोरा, पहिली डावणी (केवडा बुरशी), मण्यात पाणी उतरलं ती तारीख, आप्पांना आठवतात त्या जुन्या वर्षांसकट. आप्पांची आठवण लई पक्की आहे, लग्नं आणि बारशी यांच्यावरून ते छाटण्यांच्या तारखा सांगतात आणि त्या जुळतात पण.

आता शार्डने इथं लावायची का, हा मित्रांचा नेहमीचा प्रश्न. अकलूजकडं आहे लागवड, त्यामुळं महाराष्ट्रात येतच नाही असं नाही. जानेवारीत आपल्याकडं पण रात्री दहा-बारा अंश, दुपारी अठ्ठावीस-एकोणतीस, कागदावर सोनोमासारखंच दिसतं. पण तिकडं घड पिकत पिकत थंडीकडं जातो आणि आपल्याकडं उन्हाळ्याकडं. फेब्रुवारी अर्धा झाला की दुपारी पस्तीसच्या आसपास, आंबटपणा धडाधड खाली. मग छाटणी सप्टेंबरच्या सुरुवातीलाच करायची म्हणजे माल थंडीतच हाती येईल, हे मी काल आप्पांना मांडलं. ते म्हणले, सप्टेंबरच्या पावसात कोवळ्या फुटीवर डावणी येणार ती कशी आवरायची? प्लॅस्टिकचं आच्छादन हे एक उत्तर आहे, पण एकरी त्याचा खर्च बघता दहा टनाचा शेतकरी पण दोनदा विचार करतो, दोन-तीन टनाच्या द्राक्षाला तो परवडायचा तर वायनरीनं दर तसा दिला पाहिजे. शेवटी असं ठरलंय की विहिरीजवळच्या ओळींत ११०आर जातीचे खुंट (कलमाखालची मुळाची रोपं) लावायचे, त्यावर शार्डनेचं कलम करायचं, आणि पहिली काही वर्षं विकायचा विचारच न करता फक्त आंबटपणा आणि साखर दर आठवड्याला मोजून रजिस्टरात टाकायची. खुंटाची ऑर्डर द्यायचीय. आप्पांनीच विचारलंय, किती सांगायचे.