भागिले काय?

१९८१ च्या फेब्रुवारीत आम्ही खानापूर तालुक्यातल्या आपल्या या शाळेत नववीत होतो आणि भूगोलाचे सर शिरगणतीच्या, म्हणजे जनगणनेच्या, कामावर होते. सकाळी शाळा आणि दुपारनंतर जांबोटी रस्त्याकडच्या वाड्यावस्त्या, असा त्यांचा वीस दिवसांचा क्रम चालला होता. 'लोकसंख्या' हा धडा नेमका त्याच सुमारास आला. सरांच्या झोळीतल्या तक्त्यांत आपल्या गावाची सारी माहिती आहे, तीच फळ्यावर लिहा, असा हट्ट आम्ही धरला. सर म्हणाले, "त्या कागदांत काय आहे ते मी घरीसुद्धा सांगणार नाही. त्यासाठी १९४८ चा कायदा आहे, आणि कायदा नसता तरी लोकांनी ते विश्वासाने सांगितलेले आहे. तुम्हाला आकडे हवेत तर आपापली गल्ली मोजा."

आम्ही मोजली. प्रत्येकाकडे दहा-बारा घरे आली. नाव, नाते, वय, शिक्षण आणि काम एवढे रकाने वहीत आखून दिले होते. मी माझ्या घरापासूनच सुरुवात केली आणि पहिलीच चूक तिथे झाली. माझे धाकटे काका मुंबईला गिरणीत होते. गणपतीला आणि शिमग्याला तेवढे येत. तरीही मी त्यांचे नाव घरच्या माणसांत लिहिले होते. सरांनी ते खोडले. "त्यांची नोंद मुंबईत होईल. दोन्हीकडे लिहिलेस तर देशात एक माणूस उगाच वाढतो," असे त्यांनी समजावले. मला ते पटले, पण घरी आजीला सांगितले तेव्हा ती चुलीपुढून उठली आणि म्हणाली, "पोटच्या लेकाचं नाव खोडलंस व्हय?" माणूस घरचा असणे आणि माणूस घरी राहत असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि स्थलांतर म्हणजे त्या दोहोंमधले अंतर, हे मला त्या संध्याकाळी कळले.

बेळगाव जिल्ह्याची त्या वेळची लोकसंख्या तीस लाखांच्या आसपास होती. सरांनी वर्गाच्या शहाबादी फरशीवर खडूने जिल्ह्याचा नकाशा काढला, तुरीचे तीनशे दाणे मोजून दिले आणि एक दाणा म्हणजे दहा हजार माणसे असे ठरवून ते मांडायला सांगितले. पहिल्या गटाने दाणे सगळीकडे सारख्या अंतरावर मांडले. सरांनी त्याला चूक म्हटले नाही. "ही सरासरी झाली," एवढेच ते म्हणाले. मग तीस लाखांना जिल्ह्याच्या १३,४१५ चौरस किलोमीटर क्षेत्रफळाने भागायला लावले. उत्तर सुमारे २२४ आले, म्हणजे चौरस किलोमीटरला २२४ माणसे. त्यानंतर त्यांनी तेच दाणे हाताने सरकवत नेले. निपाणी, चिक्कोडी, संकेश्वरकडे तंबाखूच्या आणि उसाच्या पट्ट्यात, कृष्णा-दूधगंगेच्या काठाने, गोकाकच्या गिरणीभोवती आणि बेळगाव शहरात दाण्यांचे ढीग झाले. अथणीच्या कमी पावसाच्या भागात नदी सोडताच ते पांगले, आणि आमच्या खानापूर तालुक्यात, कणकुंबीच्या घाटमाथ्यावर, जिथे मलप्रभा उगम पावते तिथे, एक दाणा ठेवावा की अर्धा, असा प्रश्न पडला. पहिली मांडणी घनता दाखवत होती आणि दुसरी वितरण. पाठ्यपुस्तकात या दोन संज्ञा एकाखाली एक छापलेल्या असतात आणि मुले त्यांची अदलाबदल करतात. तुरीचे दाणे हाताळलेल्या आमच्या वर्गात ती चूक पुन्हा कोणी केली नाही.

कोणी कोणताही आकडा सांगितला की सरांचा एक प्रश्न ठरलेला असे: "भागिले काय?" आमचा तालुका विरळ वस्तीचा, मग इथल्या माणसांना जमीन पुरायला हवी, तरीही ती गोव्याला आणि मुंबईला का जातात, असे एका मुलाने विचारले, तेव्हाही सरांचे उत्तर याच प्रश्नातून निघाले. तुम्ही माणसांना सगळ्या भूमीने भागलेत, पण तीत निम्म्याहून अधिक जंगल आहे. आता फक्त पिकाखालच्या जमिनीने भागा. भाजक बदलला की विरळ तालुका एकदम दाटीचा दिसू लागतो. घनतेचा आकडा किती मोठा आहे यापेक्षा तो कोणत्या जमिनीवर पसरला आहे हे आधी विचारायचे, ही सवय मला तिथून लागली.

लिंग गुणोत्तराच्या वेळी असाच घोळ झाला. दर हजार पुरुषांमागे स्त्रिया किती, हा त्याचा अर्थ. आमच्या गल्लीत स्त्रिया अधिक भरल्या, त्यामुळे आमच्या गावात मुलींना मान आहे असा निष्कर्ष आम्ही काढून ठेवला होता. सरांनी तो आकडा वयोगटांत मोडायला सांगितला. लहान वयात मुलगे-मुली जवळजवळ सारखे होते आणि वीस ते पंचेचाळीसच्या वयात पुरुषांची बाजू खंगलेली होती. पुरुष बाहेर गेले होते, एवढाच त्याचा अर्थ. मी पुढे २०११ चे आकडे पाहिले तेव्हा हेच मोठ्या पटावर दिसले: रत्नागिरी जिल्ह्यात हजारामागे १,१२२ स्त्रिया आणि मुंबई शहर जिल्ह्यात ८३२. हे दोन आकडे शेजारी ठेवले की कोकणातल्या मनीऑर्डरींचा सारा इतिहास वाचता येतो. मुलींच्या मानाचा प्रश्न विचारायचा असेल तर शून्य ते सहा वयाचे गुणोत्तर पाहावे लागते. देशात ते १९८१ मध्ये ९६२ होते आणि २०११ मध्ये ९१८ वर आले. हा आकडा मी आजही शांतपणे लिहू शकत नाही.

वयाचा रकाना सर्वांत अवघड गेला. म्हाताऱ्या माणसांना जन्मसाल ठाऊक नसे, आणि विचारले की चाळीस, पन्नास, साठ अशी गोल वये सांगत. आजी म्हणाली, "मानमोडीच्या वर्षी मी रांगत होते." सरांनी लगेच हिशेब केला: मानमोडी म्हणजे १९१८ ची इन्फ्लुएन्झाची साथ, म्हणजे आजी त्रेसष्ट वर्षांची. त्याच ओघात त्यांनी सांगितले की १९११ ते १९२१ या दशकात देशाची लोकसंख्या वाढण्याऐवजी किंचित घटली, आणि म्हणून १९२१ या वर्षाला महाविभाजक वर्ष म्हणतात. त्यानंतर मृत्युदर उतरत गेला, जन्मदर मात्र बराच काळ वरच राहिला, आणि त्या दोहोंतल्या फटीतून १९८१ चे ६८ कोटी झाले. आजीच्या एका वाक्याला लागून आलेले हे साल आम्हाला कधी पाठ करावे लागले नाही.

मग आलेखाच्या कागदावर गल्लीचा लोकसंख्या मनोरा काढला. डावीकडे पुरुष, उजवीकडे स्त्रिया, पाच-पाच वर्षांचे गट आणि एका माणसाला एक चौकोन. पाया रुंद, शेंडा निमुळता. पुढच्या जानेवारीत मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला आणि उन्हाळ्यात काका ट्रंक घेऊन आले ते कायमचेच. आम्ही उत्साहाने सरांकडे गेलो की आता काकांचा चौकोन भरू या. सर नाही म्हणाले. १ मार्च १९८१ च्या सूर्योदयाला जे होते तेच त्या कागदावर राहील, परत आलेला माणूस पुढच्या मोजणीत येईल, असे त्यांनी सांगितले.

पुढे मी प्राथमिक शिक्षिका झाले आणि २००१ व २०११ च्या जनगणनेत स्वतः प्रगणक म्हणून घरोघर गेले. सीमाभागात मातृभाषेच्या रकान्याशी माझा हात थोडा थांबत असे. आई कन्नड, वडील मराठी आणि मुले दोन्ही भाषांत भांडणारी अशी घरे इथे पुष्कळ आहेत. सांगणाऱ्याने जी सांगितली तीच भाषा लिहायची, पदरची लिहायची नाही, हा नियम मी काटेकोर पाळला. त्याहून जड रकाना होता तो विवाहित स्त्रीला आजवर किती मुले झाली आणि त्यांतली हयात किती, हे विचारण्याचा. एका घरी उंबऱ्यात बसलेल्या बाईने दोन सांगितली. मी पुढचा प्रश्न केला तेव्हा तिने पदर सावरला आणि हळूच विचारले, "गेलेलं बी मोजायचं असतं का बाई?" मी हो म्हटले. तिने चार सांगितली.

आज आपल्या शाळेची पटसंख्या घटल्याची चिंता प्रत्येक सभेत होते, आणि तीही एकाच वाक्यात: मुले राहिली नाहीत. हे वाक्य मोडून पाहायला हवे. जन्म कमी झाले आहेत, हे खरेच. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत कर्नाटकात एका स्त्रीमागे सरासरी १.७ मुले आढळली, आणि पिढीच्या जागी पिढी उभी राहायला २.१ लागतात. काही कुटुंबे गोव्याला, पुण्याला गेली, हेही खरे. पण गावातच असलेली आणि सकाळी दुसऱ्या शाळेच्या गाडीत चढणारी मुले किती, हे कोणी मोजलेले नाही. पटाला गावातल्या त्या वयाच्या मुलांनी भागल्याशिवाय यांतले कोणते कारण किती मोठे हे कळणार नाही, आणि तिन्हींवरचे उपाय अगदी वेगळे आहेत. २०२७ च्या जनगणनेच्या आधी नववीच्या वर्गाने गल्ल्या पुन्हा मोजाव्यात, अशी माझी शाळेला विनंती आहे. रकाने आखून द्यायला मी येईन.

१९८१ चा तो मनोरा सरांनी माझ्याकडे सांभाळायला दिला होता. शाळेच्या या महोत्सवात तो मी ग्रंथालयात देत आहे. कागद पिवळा पडला आहे, घड्यांवर चिकटपट्टी आहे. डाव्या बाजूला चाळीस ते चव्वेचाळीसच्या पट्टीत एक चौकोन रबराने खोडलेला दिसेल; तो माझ्या काकांचा आहे.