नकाशाच्या उजव्या कडेवरचं मैदान

आपले बहुतेक लोक स्वित्झर्लंडमधल्या बर्नला उतरतात ते इंटरलाकेनच्या वाटेवर. अस्वलं आणि घड्याळाचा मनोरा बघून दोन-तीन तासांत पुन्हा गाडीत. आम्ही मात्र दोन रात्री राहिलो. मला एक कागदी नकाशा विकत घ्यायचा होता आणि १९५४ च्या वर्ल्डकप फायनलचं वांकडॉर्फ मैदान बघायचं होतं, जे २००१ मध्येच पाडलंय.

"पाडलेलं मैदान बघायला एवढ्या लांब?" बायको म्हणाली. प्रश्न रास्त होता.

मी कोल्हापूरचा. आमच्याकडे फुटबॉल तालमींचा. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार ही नावं गुणाकाराच्या पाढ्यांच्या आधी पाठ होतात, आणि वर्ल्डकप आला की गल्लीगल्लीत ब्राझील, अर्जेंटिना, जर्मनीचे झेंडे लागतात. १९९० च्या इटलीतल्या वर्ल्डकपला मी शाळेत होतो. भूगोलाला चार-आठ आण्यांना कोरे नकाशे मिळायचे, त्यातल्या एकावर मी खेळणारे सगळे देश रंगवले होते. हरला की त्या देशावर पेन्सिलीने बारीक फुली. पश्चिम जर्मनी, सोव्हिएत युनियन, युगोस्लाव्हिया, चेकोस्लोव्हाकिया, चौघेही त्या स्पर्धेत होते. पुढच्या वर्ल्डकपपर्यंत चौघेही त्या रूपात जगाच्या नकाशावरून गेले. माझ्या कागदावर ते अजून आहेत, युगोस्लाव्हिया तर चक्क जांभळा. फोनमधला नकाशा रातोरात बदलतो आणि आपल्याला कळवतही नाही. कागद हट्टी असतो.

असो. कामाचं बोलू.

नकाशा स्वित्झर्लंडच्या सरकारी भूमापन खात्याचा, म्हणजे स्विसटोपोचा घ्या. प्रमाण १:२५,०००, पत्रक क्रमांक ११६६, नाव 'बर्न'. शहरातल्या मोठ्या पुस्तकांच्या दुकानात मिळतो. रविवारी दुकानं बंद असतात आणि शनिवारी संध्याकाळी लवकर आवरतात, तेव्हा शनिवारी रात्री पोचणार असाल तर नकाशाचं सोमवारवर जाईल. हाच नकाशा स्विसटोपोच्या अॅपवर फुकट दिसतो. डोंगरात जाणार असाल तर ते अॅप फोनमध्ये असू द्याच, उगाच माझ्यासारखा ताठा नको. पण कागद पलंगावर पसरून बघा एकदा. मातीवरच्या समोच्चरेषा तपकिरी, खडकावरच्या काळ्या, हिमनदीवरच्या निळ्या. बर्नच्या पत्रकावर हिमनदी नाही, त्यामुळे निळ्या रेषांसाठी दुसरं पत्रक घ्यावं लागतं. व्यसन असंच लागतं.

आता गंमत. या देशाच्या नकाशांवरचं आडव्या-उभ्या रेषांचं जाळं जिथून मोजतात तो शून्य बिंदू बर्नमध्येच आहे, जुन्या वेधशाळेच्या जागी. वेधशाळा गेली, तिथे आता विद्यापीठाची इमारत आहे. रेल्वे स्टेशनातून लिफ्टने वर ग्रोसे शान्त्सेवर जायचं आणि तिथून थोडं चालायचं. खूण लहानशी आहे, शोधावी लागते. आम्ही दोनदा तिच्या जवळून पुढे गेलो. आजूबाजूला सायकली लावलेल्या, मुलं वर्गात चाललेली. मी तिथेच नकाशा उघडला. एक किलोमीटर म्हणजे कागदावर चार सेंटीमीटर. त्या बिंदूपासून उजवीकडे साधारण आठ सेंटीमीटर आणि वर पाचेक सेंटीमीटर मोजलं की बोट वांकडॉर्फच्या मैदानावर येतं, पत्रकाच्या उजव्या कडेला जवळजवळ टेकलेलं. तिथून जरा पुढे कागदच संपतो.

आधी गुर्टेन डोंगरावर गेलो, कारण सकाळी आकाश मोकळं होतं. शून्य बिंदूपासून जवळपास सरळ खाली, चौदा-एक सेंटीमीटर. ९ नंबरची ट्राम वाबर्नच्या दिशेने घ्यायची, मग डोंगरावर नेणारी छोटी गाडी. हॉटेलात उतरणाऱ्यांना 'बर्न तिकीट' मिळतं, त्यात मुक्कामभर शहरातली ट्राम, बस आणि ही गुर्टेनची गाडीसुद्धा येते. हॉटेलवाला विसरला तर मागून घ्या. स्विसटोपोचं मुख्य कार्यालयही वाबर्नलाच आहे. आणि हीच ट्राम उलट्या दिशेने वांकडॉर्फला जाते. एका टोकाला नकाशे, दुसऱ्या टोकाला फुटबॉल. माझ्यासारख्याला आणखी काय पाहिजे?

गुर्टेनची उंची ८५८ मीटर. वरून आयगर, मोंख, युंगफ्राऊ ओळीने दिसतात. बायकोने विचारलं, यातली युंगफ्राऊ कुठली? मी ऐटीत नकाशा उघडला. युंगफ्राऊ या पत्रकावर नाहीच, ती चांगली पन्नास-साठ किलोमीटर लांब. शिखरं ओळखायला मोठ्या प्रदेशाचा नकाशा न्या.

दुपारी वांकडॉर्फला पोचलो तेव्हा पाऊस सुरू झाला. मला ते बरंच वाटलं, कारण ४ जुलै १९५४ लाही इथे पाऊसच होता. पश्चिम जर्मनी आणि हंगेरी, वर्ल्डकपची फायनल. हंगेरी चार वर्षं हरली नव्हती. दोनच वर्षांपूर्वी ऑलिंपिकचं सुवर्ण तिने युगोस्लाव्हियाला हरवून घेतलं होतं, आणि त्याच हेलसिंकीत त्याच युगोस्लाव्हियाने आपल्याला १०–१ ने धुतलं होतं. आपले बरेच गडी अनवाणी खेळले होते. म्हणजे हंगेरी आपल्यापासून किती लांब होती ते बघा. याच वर्ल्डकपच्या गटात तिने जर्मनीवर ८ गोल घातले होते. फायनलला आठव्या मिनिटाला पुश्काश आणि त्सिबोरचे मिळून २–० झालेही होते. मग मोर्लोकचा एक, रानचा एक, अठराव्या मिनिटाला बरोबरी. ८४ व्या मिनिटाला पुन्हा रान, ३–२. शेवटी पुश्काशने चेंडू जाळ्यात घातला, तो ऑफसाइड ठरला. जर्मनांच्या बुटांना तळाशी बदलता येणारे स्टड, म्हणजे खुंट, होते, ओल्या मैदानावर त्यांनी लांबवाले लावले. आदिदासवाल्या अॅडी डास्लरची ती करामत.

आता त्या जागी २००५ मध्ये उघडलेलं नवं स्टेडियम आहे, यंग बॉइज क्लबचं. २००८ च्या युरोचे सामने इथे झाले, २०२५ च्या महिला युरोचेही. सामना नसेल त्या दिवशी आतलं मैदान दिसेल या भरवशावर जाऊ नका. पण जुन्या मैदानाचं घड्याळ बाहेर उभं करून ठेवलंय, ते बघायला तिकीट लागत नाही. स्टेडियमच्या खालीच मॉल आहे, जेवणाची आणि पावसात थांबायची सोय होते. पाणी विकत घेऊ नका, बर्नभर कारंज्यांचं पाणी पिण्याजोगं आहे.

मी मात्र मॉलमध्ये न शिरता घड्याळासमोर नकाशा उघडून उभा राहिलो. गोलपोस्ट कुठे असतील याचा अंदाज घेत होतो. पाच मिनिटांत कागद भिजला. घडी अशी होती की वांकडॉर्फचा भाग सगळ्यात वर, त्यामुळे पावसाचा मारा नेमका त्याच्यावर. घडी घालायला गेलो तर कडेपासून बोटभर फाटला. प्लास्टिकची पारदर्शक पिशवी न्या हो, घरून न्या.

रात्री हॉटेलात हीटर बंद होता. बायकोने नकाशा पलंगावर उलगडला आणि हेअर ड्रायर लावून ती उजव्या कडेवर वारा देत बसली. मी सेलोटेप शोधत होतो.

"मैदान अजून ओलंय," ती म्हणाली. "लांबवाले लाव."