गाठ जुनी की नवी?

पित्ताशयातल्या खड्यांचं ऑपरेशन ठरलं होतं. फिटनेससाठी काढलेल्या छातीच्या एक्स-रेत डाव्या बाजूला वरती एक ठिपका दिसला, म्हणून सर्जननी आजींना आमच्याकडे सीटीला पाठवलं. आजी कवठेमहांकाळ तालुक्यातल्या. ओळख पटू नये म्हणून बाकीचे तपशील थोडे बदलले आहेत. मिरजेचं मिशन हॉस्पिटल सुरू करणाऱ्या डॉ. वानलेस यांच्या काळापासून मिरजेला असे पेशंट येत आलेत, जतकडून, अथणीकडून, पार विजापूरकडूनही. मी इथल्या एका स्कॅन सेंटरमध्ये टेक्निशियन आहे.

स्कॅन लगेच झाला. कन्सोलवर गाठ मलाही दिसली. आमच्या रेडिओलॉजिस्ट सरांनी मोजली तर 11 मिलिमीटर निघाली. फुफ्फुसातली भरीव गाठ 8 मिलिमीटरच्या पुढे गेली की ती अशीच सोडून देता येत नाही. तीन महिन्यांनी पुन्हा सीटी, कॅन्सरचा माग काढणारा पेट (PET) स्कॅन किंवा सुई घालून तुकडा तपासणं, यातलं काहीतरी करावंच लागतं. सुई घातली की फुफ्फुसाबाहेर हवा साठण्याचा धोका असतोच. आजींचं वय, त्यात पित्ताच्या कळा. मुलगा दारातच उभा होता.

"ताई, क्यान्सर हाय व्हय?"

याचं उत्तर आम्ही द्यायचं नसतं. पण तेवढ्यात सरच बाहेर आले. "यांचा छातीचा सीटी याआधी कधी काढला होता का?" त्यांनी विचारलं.

"काढलाय की. कोरोनात."

2021 चा उन्हाळा इथल्या कुणाला विसरता येणार आहे? घराघरातून माणसं एचआरसीटीला, म्हणजे छातीच्या सीटीला, येत होती आणि सगळ्यांचं लक्ष एकाच आकड्याकडे असायचं, फुफ्फुसात संसर्ग किती पसरलाय त्याचा 25 पैकी स्कोअर किती. दर सरकारनं बांधून दिले होते, मशीनप्रमाणे 2000 ते 3000 रुपये. स्कोअर कळला, माणूस बरा झाला, की फिल्म माळ्यावर पडायच्या. त्याच स्कॅनमध्ये फुफ्फुसाचा कण न् कण टिपलेला आहे आणि पुढं कधीतरी तो लागू शकतो, हे कुणी सांगितलंच नाही. सांगायला तेव्हा कुणाला उसंत होती?

मुलानं घरी फोन लावला. थोड्या वेळानं व्हॉट्सॲपवर रिपोर्टचा फोटो आला. त्यात स्कोअर होता, गाठीचा उल्लेख नव्हता. मागोमाग फिल्मचे फोटो आले. खिडकीशी धरून काढलेले, वर ट्यूबलाइटची तिरीप. असे फोटो मी रोज बघते आणि रोज जीव तुटतो. फिल्मवर मुळात फुफ्फुसाच्या आडव्या छेदांपैकी निवडक काप छापलेले असतात, तेही टपाल तिकिटाएवढे. मोबाइलच्या फोटोत करड्या रंगाच्या छटा उरतच नाहीत. त्यावरून निदान मागणं म्हणजे डॉक्टरांना अंधारात चालायला सांगणं.

"सीडी दिली होती का?" मी विचारलं.

मुलगा ओशाळला. "दिली हुती. पाखरं हाकलाय शाळवात बांधली. दोन सुगीत उन्हानं पार गेली ती."

त्याला काय बोलायचं? घरात सीडी लावायला कॉम्प्युटर नाही, गावच्या दवाखान्यातही नाही. चकचकीत तबकडी शेताच्याच कामाची वाटणार.

दुपारी त्याचा मेहुणा मोटरसायकलवरून मूळ फिल्म घेऊन आला. उन्हाळ्या-पावसाळ्यात एकमेकींना चिकटलेल्या. सावकाश सोडवून व्ह्यू बॉक्सवर लावल्या. सर बराच वेळ बघत होते. एका चौकोनात वरती बारीक ठिपका होता. गाठ असेल, नाहीतर आडवी कापली गेलेली रक्तवाहिनी असेल. दोन चौकोनांच्या मधले काप छापलेलेच नव्हते, त्यामुळे खात्रीनं सांगता येईना.

पण फिल्मच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत नाव, तारीख आणि पेशंट आयडी होता. तो आयडी वाचून मी सांगलीतल्या त्या सेंटरला फोन केला. भरती पेशंटचे कागद 3 वर्षं जपावेत आणि मागितल्यावर 72 तासांत द्यावेत, असा डॉक्टरांसाठी 2002 चा नियम आहे. आजी तिथं भरती नव्हत्या आणि 3 वर्षंही उलटून गेली होती. ते सरळ 'नाही' म्हणू शकले असते. फोनवरच्या मुलानं आयडी लिहून घेतला, जुनी हार्ड डिस्क शोधावी लागेल म्हणाला, पेशंटचा सहीचा अर्ज आणि ओळखपत्र मागितलं. ते मागितलं हे मला आवडलं. कुणाचंही स्कॅन कुणालाही देता कामा नये.

मुलगा अर्ज घेऊन सांगलीला गेला आणि दिवेलागणीला पेन ड्राइव्ह घेऊन आला. डायकॉम फाइल्स, म्हणजे स्कॅनची मूळ डिजिटल चित्रं, आमच्या सिस्टिमवर उघडल्या. सरांनी डावीकडे 2021, उजवीकडे आजचा स्कॅन लावला आणि दोन्ही एकाच पातळीवर आणले. कोरोनाचे ढग सगळीकडे पसरलेले होते, आणि त्यांच्या वर, त्याच जागी, तीच गाठ. मोजली. 11 मिलिमीटर. पातळ कापांत तिच्या मधोमध चुन्याचा कणही दिसत होता, तेव्हाही आणि आताही. भरीव गाठ दोन वर्षं जशीच्या तशी राहिली तर ती सहसा निरुपद्रवी असते. ही त्याहून जास्त काळ हललेली नव्हती. बहुधा कधीकाळच्या टीबीचा भरून आलेला व्रण, सर म्हणाले. आपल्याकडे असे व्रण पुष्कळांच्या छातीत असतात.

सरांनी मुलाला आत बोलावून दोन्ही चित्रं दाखवली. तो स्क्रीनला हात लावून म्हणाला, "म्हंजी ही आधीचीच हाय." मग बाहेर जाऊन आईच्या पायाशी बसला. आजींना एवढंच कळत होतं की सकाळपासून पोटात काही नाही. मी चहा-बिस्किटं मागवली.

रिपोर्टमध्ये सरांनी आधीच्या तारखेचा उल्लेख करून 'आकारात बदल नाही' असं लिहिलं. सुई टळली, पेट स्कॅनचा खर्च टळला. त्याच पेन ड्राइव्हवर मी आजचाही स्कॅन भरून दिला आणि स्कॅन बघायला मोबाइलवर मिळणारी आमची लिंक काही दिवसांनी बंद होते हेही सांगितलं. आता मी प्रत्येक पेशंटला फिल्म देताना विचारते, डायकॉम डेटा कशात देऊ? बरेच जण म्हणतात, नको, रिपोर्ट पुरे. मी तरी आग्रह धरते.

पुढच्या आठवड्यात आजींचं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं.