दोन सारखे लूप आणि एक जास्तीची जागा

एका लांबलचक नोंदसंग्रहातून १२८ किंवा त्याहून मोठ्या किमती निवडून दुसऱ्या अ‍ॅरेमध्ये (ओळीने मांडलेल्या घरांमध्ये) भरणारा साधा लूप, म्हणजे तेच काम पुन्हा पुन्हा करणारा कोडचा तुकडा, मी सी भाषेत लिहिला होता. अट खरी ठरली तरच किंमत लिहायची आणि मगच निर्देशांक (पुढची किंमत कुठल्या घरात जाईल तो आकडा) एकने वाढवायचा, एवढेच त्याचे काम. चाचणीत तो झपाट्याने चालला, प्रत्यक्ष नोंदींवर मात्र कित्येक पट मंदावला.

‘पर्फ’ या वेग तपासणाऱ्या साधनाने मोजल्यावर दोष ब्रँचच्या चुकलेल्या अंदाजांचा निघाला: अटीनंतर कोड कुठल्या वाटेने जाईल हे प्रोसेसर निकालाआधीच ताडतो. चाचणीचा डेटा मी चढत्या क्रमाने लावला होता, त्यामुळे अटीचे उत्तर संपूर्ण लूपमध्ये एकदाच बदलत होते. खऱ्या नोंदींत ते छापा-काट्यासारखे होते, आणि प्रत्येक चुकीच्या अंदाजापायी आधुनिक एक्स८६ प्रोसेसरची साधारण १५ ते २० सायकल (प्रोसेसरच्या घड्याळाचे ठोके) वाया जातात.

जंप, म्हणजे अटीनुसार कोडमध्ये दुसरीकडे उडी, टाळून निवड करण्याची सोय, म्हणजे सशर्त मूव्ह ही सूचना, इंटेलच्या पेंटियम प्रो प्रोसेसरपासून (१९९५) आहे. मग कंपायलर (सीचा कोड प्रोसेसरच्या सूचनांत बदलणारा प्रोग्रॅम) ती का वापरत नाही? मी ‘इफ’च्या जागी टर्नरी (एका ओळीतली अट) वापरून पाहिली, ऑप्टिमायझेशन ओ३ या वरच्या पातळीपर्यंत नेले, क्लँग या कंपायलरला ही अट बेभरवशाची असल्याची सूचनाही दिली; पण कंपायलरने तयार केलेल्या सूचना दाखवणाऱ्या कंपायलर एक्सप्लोरर या संकेतस्थळावर जीसीसी आणि क्लँग या दोन्ही कंपायलरांच्या असेंब्लीत (प्रोसेसरच्या सूचनांत) जंप तशीच होती. अखेर मी लूप उलटा मांडला: किंमत दर वेळी लिहायचीच, आणि निर्देशांकात तुलनेचा निकाल, म्हणजे ० किंवा १, मिळवायचा. नको असलेली किंमत पुढच्या फेरीत आपोआप पुसली जाते. लूपची स्वतःची जंप सोडता दुसरी उरली नाही आणि वेग परत आला.

माझ्या दृष्टीने दोन्ही लूप एकच होते. मात्र दुसऱ्याच दिवशी मेमरीतल्या चुका पकडणाऱ्या अ‍ॅड्रेस सॅनिटायझरने अ‍ॅरेच्या हद्दीबाहेर लिहिल्याची चूक दाखवली. निवडलेल्या किमती आधी मोजून मी नेमक्या तेवढ्याच जागा राखल्या होत्या, आणि शेवटच्या निवडीनंतर आलेली प्रत्येक नको असलेली किंमत त्यांच्या पलीकडच्या घरात पडत होती. कंपायलरने हा बदल स्वतःहून का केला नाही, हे तेव्हा उमगले (आधीची सगळी चिडचिड त्याच्यावर काढून झाली होती). मूळ कोडने जिथे लिहिलेच नसते तिथे लिहिण्याची मुभा त्याला नाही. ती जागा अ‍ॅरेबाहेरची असू शकते, किंवा दुसरा थ्रेड (त्याच प्रोग्रॅमचा एकाच वेळी चालणारा दुसरा भाग) ती वापरत असू शकतो. माझी सूचना अंदाजाविषयी होती, परवानगीविषयी नव्हे.

मी निकालाचा अ‍ॅरे एका जागेने वाढवला आणि लूपच्या डोक्यावर त्याचे कारण टिप्पणीत लिहून ठेवले.